'फेअर' : गोरा, रास्त की नुसताच बरा?

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात दोन प्रकारच्या वह्या असतात. एक रफ, दुसरी फेअर. रफ वहीत खाडाखोड चालते, फेअर वहीत चालत नाही. पण त्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी 'फेअर' असा शेरा लिहिला, तर त्याचा अर्थ 'नीटनेटके काम' असा होत नाही. 'जेमतेम बरे' असा होतो. घरी धाकट्याला मोठा लाडू मिळालेला दिसला की तोच मुलगा ओरडतो, 'नॉट फेअर!' इथे गोष्ट न्यायाची. आणि संध्याकाळी पाळण्यातल्या बाळाला बघायला आलेल्या खालाजान म्हणतात, 'माशाअल्लाह, किती फेअर आहे!' एकाच दिवसात एका शब्दाचे चार अर्थ झाले, आणि कोणाचाही घोटाळा झाला नाही.

घोटाळा होत नाही हे खरे, पण या सगळ्या अर्थांतला एक अर्थ आपल्या घरांत इतका मोठा झाला आहे की बाकीचे त्याच्या सावलीत गेले आहेत. म्हणून या महिन्यात आम्ही या एका शब्दाकडे जरा थांबून पाहायचे ठरवले.

आधी जुळ्या भावंडांना बाजूला करू. देवनागरीत आपण 'फेअर' असे लिहितो तेव्हा इंग्रजीतले तीन वेगवेगळे शब्द एकाच वेषात समोर येतात. बसचे, विमानाचे, हज प्रवासाचे 'फेअर', म्हणजे भाडे, हा शब्द प्रवास करणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला. त्याचे स्पेलिंगही वेगळे आहे. बुक फेअर, जॉब फेअर यांतला 'फेअर' म्हणजे मेळा. तो लॅटिनमधल्या सुट्टी, सणाचा दिवस या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. माहीमला हजरत मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर भरणाऱ्या उरुसाला इंग्रजी वर्तमानपत्रे 'माहीम फेअर' म्हणतात, तो हा. आपल्याला ज्याच्याशी काम आहे ते तिसरे, विशेषण.

या विशेषणाचा जुना अर्थ 'सुंदर, डोळ्यांना बरे वाटणारे' असा होता. माणूस, जागा, दिवस, काहीही 'फेअर' असू शके. 'माय फेअर लेडी' या नावातला 'फेअर' याच जातीचा आहे. (हे कथानक ज्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून आले, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. मराठी नावात रंग कुठेच नाही, फूल आहे.) सुंदर म्हणजे डाग नसलेले, डाग नसलेले म्हणजे स्वच्छ, आणि ज्याचे वागणे स्वच्छ तो न्यायी, असा हा अर्थ पुढे सरकत गेला. त्या थंड मुलखात सौंदर्याची जी कल्पना होती तिच्यात उजळ कांती आणि सोनेरी केस बसत होते, म्हणून रंगाचा अर्थही याच शब्दाला चिकटला. शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली छापली गेली. त्यांतल्या काही कवितांमध्ये तो काळ्या केसांच्या आणि काळ्या डोळ्यांच्या एका स्त्रीबद्दल लिहितो आणि 'फेअर' या शब्दाचे हे दोन अर्थ, सुंदर आणि गोरी, मुद्दाम एकमेकांवर आपटतो. म्हणजे हे दोन अर्थ एकच आहेत का, हा प्रश्न त्या भाषेतही चारशे वर्षे जुना आहे.

एक गंमत इथेच सांगून टाकू. इंग्लंडमध्ये एखाद्याला 'फेअर' म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा पिवळसर केस येतात. कारण गोरे तर तिथे बहुतेक सगळेच. आपल्याकडचा 'फेअर' मुलीचा बायोडाटा एखाद्या इंग्रजाने वाचला, तर तो सोनेरी केसांची मुलगी शोधत बसेल.

हवामानाचा अर्थ कोकणातल्या वाचकांना ठाऊक असेल. बंदराच्या कागदपत्रांत पावसाळ्याचे महिने सोडून उरलेल्या हंगामाला 'फेअर सीझन' म्हणतात. जुन्या सरकारी नकाशांत 'फेअर वेदर रोड' अशी खूण असे. तो रस्ता उघडिपीत चालायचा, मृगाचा पाऊस पडला की संपला. सुखात सोबत करणाऱ्या आणि संकटात दिसेनाशा होणाऱ्या मित्राला इंग्रजीत 'फेअर वेदर फ्रेंड' म्हणतात, ते यावरूनच. दवाखान्यात केसपेपरवर डॉक्टर 'जी. सी. फेअर' असे खरडतात, म्हणजे एकूण प्रकृती ठीक. फार आनंदायचे कारण नाही, फार घाबरायचेही नाही. 'फेअर एनफ' म्हणजे 'चला, मान्य'. 'फेअरली गुड' म्हणजे बऱ्यापैकी चांगले. भाषेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

आता ज्या अर्थासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येऊ.

रेशन दुकानाला सरकारी इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप' म्हणतात. महाराष्ट्रात त्याच्या पाटीवर मराठीत लिहिलेले असते 'रास्त भाव दुकान'. हे भाषांतर ज्याने कोणी केले त्याला दाद द्यायला हवी. 'रास्त' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ सरळ, खरा, बरोबर. उर्दू बयानात आपण 'राह-ए-रास्त' ऐकतो, सरळ मार्ग. तोच 'रास्त' या पाटीवर आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो असे भाव होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. भावच उरला नाही, पाटीवर 'रास्त' मात्र आहे, आणि ते राहायला हवे. कारण प्रश्न नुसत्या भावाचा नसतो, मापाचाही असतो. कुरआनात एक संपूर्ण सूरह, 'अल-मुतफ्फिफीन', माप मारणाऱ्यांच्या नावाने आहे. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना काटा मारणारे, अशा लोकांची तिच्या सुरुवातीलाच कानउघाडणी आहे. रेशनचे दुकान असो, किराण्याचे असो की खाटकाचे, 'फेअर' म्हणजे काय ते तिथे तराजू सांगतो.

मराठीत या अर्थाचा आणखी एक शब्द रोज बाजारात फिरतो : 'वाजवी'. वाजवी भाव, वाजवी मागणी. हा शब्द 'वाजिब' वरून आला आहे. नमाज-रोजाचे मसले सांगताना आपण जो 'वाजिब' म्हणतो, तोच भाजीवालीशी घासाघीस करताना 'वाजवी' होऊन आपल्या तोंडी येतो. आणि 'इन्साफ' हा शब्द ज्या अरबी मुळापासून आहे, त्याच मुळापासून 'निस्फ', म्हणजे अर्धा, हा शब्द आहे. दोघांमध्ये वाटणी सारखी व्हावी, ही कल्पना त्या शब्दाच्या पोटातच आहे. 'मुन्सफ' हे न्यायाधीशाचे जुने पद इथूनच आले. म्हणजे रास्त, वाजवी, इन्साफ ही तिन्ही नाणी आपल्या खिशात आधीपासून होती. इंग्रजीला एका शब्दात जे कोंबावे लागले, त्यासाठी आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. आणि विशेष म्हणजे यांपैकी एकाही शब्दाला कातडीचा रंग चिकटलेला नाही.

न्यायालयात हा शब्द 'फेअर ट्रायल' म्हणून येतो, निःपक्ष खटला. याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. २००२ मध्ये वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १४ जण मारले गेले. तिथल्या न्यायालयात सगळे आरोपी सुटले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. त्या निकालपत्रात 'फेअर ट्रायल' म्हणजे काय याची लांबलचक चर्चा आहे. तिचा गाभा असा, की खटला आरोपीला न्याय देणारा हवाच, पण मेलेल्यांच्या घरच्यांना आणि समाजालाही न्याय देणारा हवा. साक्षीदार भीतीने गप्प बसत असेल तर तो खटला निःपक्ष म्हणता येत नाही. मुंबईत तो खटला नव्याने चालला आणि २००६ मध्ये काही आरोपींना शिक्षा झाली. आपल्यावर अन्याय झाला तेव्हा हा अर्थ आपल्याला नेमका कळतो. कुरआनाने त्याची दुसरी बाजूही सांगितली आहे : सूरह माइदाच्या आठव्या आयतीत, कोणाशी वैर आहे म्हणून त्याच्या बाबतीत न्याय सोडू नका, अशी ताकीद आहे. आणि सूरह निसाच्या एकशे पस्तिसाव्या आयतीत तर न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध जात असली तरी द्यायला सांगितली आहे.

नातेवाइकांचा विषय निघाला की फेअर-अनफेअरचा हिशेब अवघड होतो. खेळात 'रडीचा डाव' आपण लगेच ओळखतो. घरात ओळखत नाही, किंवा ओळखून गप्प बसतो.

हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना काही देणगी दिली. आईने आग्रह धरला, की प्रेषित मुहम्मद (स.) यांना याचे साक्षीदार करा. वडील गेले. प्रेषितांनी (स.) विचारले, तुमच्या सगळ्या मुलांना असेच दिले का? उत्तर आले, नाही. तेव्हा त्यांनी सांगितले, अल्लाहला भ्या आणि मुलांमध्ये न्याय करा. वडिलांनी देणगी परत घेतली. लाडवावरून 'नॉट फेअर' म्हणणाऱ्या मुलाला आपण 'गप्प बस' म्हणतो, पण तक्रार तीच आहे.

हे मूल मोठे झाल्यावर लाडवाच्या जागी जमीन येते. वडिलांच्या पश्चात सात-बारावर नावे चढवायची वेळ आली, की बहिणींना तलाठी कार्यालयात किंवा वकिलाकडे बोलावले जाते आणि हक्कसोडपत्र पुढे सरकवले जाते. बहीण सही करते. 'तिने खुशीने सोडला' असे सांगितले जाते. सही केली नाही तर माहेर तुटेल, ईदला भाऊ दारात उभा करणार नाही, ही भीती त्या खुशीत किती मिसळलेली असते, हे त्या बहिणीलाच ठाऊक. इस्लामने मुलीला वारशात ठरावीक हिस्सा दिला आहे, तो सूरह निसात स्पष्ट लिहिलेला आहे. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा का, यावर वाद घालणारे आणि त्याचे समर्थन करणारे दोघेही आम्हाला पुष्कळ भेटतात. तो निम्मा तरी तिच्या हातात पडला का, असे विचारणारे मात्र थोडे. आमचे मत विचाराल तर आधी हिस्सा तिच्या नावावर चढवावा. मग तिला भावाला काही द्यायचे असेल, तर ते तिने वर्षा-दोन वर्षांनी, आपल्या मर्जीने द्यावे. तेव्हा ती खुशी आहे की नाही हे कळेल.

असाच हिशेब सुनेचा आणि मुलीचा, कमावत्या मुलाचा आणि बेकार मुलाचा. त्यावर वेगळा लेख होईल.

आता रंग.

'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतात १९७५ साली आले. एका पिढीच्या तोंडी 'फेअर' हा शब्द शाळेपेक्षा आधी या ट्यूबमुळे बसला. जाहिरातीत सावळ्या मुलीला नोकरी मिळत नसे, स्थळ नाकारत असे. क्रीम लावले की दोन्ही मिळे. २०१४ मध्ये जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या 'आस्की' या संस्थेने, रंगावरून कोणाला कमी लेखणारी जाहिरात नको, असा नियम केला. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. त्याच वर्षी 'शादी डॉट कॉम' या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. शब्द गेला, क्रीम राहिले. मोठ्या कंपन्यांच्या क्रीमपेक्षा आम्हाला जास्त काळजी वाटते ती बाजारातल्या बिननावाच्या किंवा बाहेरदेशातून आलेल्या डब्यांची, जे आठवड्यात गोरे करून देतात. असा झटपट परिणाम पुष्कळदा पाऱ्यामुळे किंवा स्टेरॉइडमुळे दिसतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण लागोपाठ आले, तेव्हा डॉक्टरांना त्यांच्यात एक समान धागा सापडला : गोरे करणारी क्रीमे, आणि त्यांत पारा. स्टेरॉइड असलेली क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने त्यांना कडक यादीत टाकले. तरी ती मेकअपच्या दुकानात मिळतात. लग्न ठरलेल्या मुलीला महिनाभर आधी असा डबा आणून देणारी बहुधा तिची आईच असते, प्रेमापोटीच.

ही आई असे का करते, हे समजायला बायोडाटा पाहावा. बाकी कागद मराठीत असो की उर्दूत, रंगाच्या रकान्यात उत्तर येते ते इंग्रजीत : 'फेअर'. नाहीच जमले तर 'व्हीटिश', म्हणजे गव्हाळ. 'डार्क' असे लिहिलेला कागद आमच्या पाहण्यात नाही. मुलांच्या बायोडाट्यात हा रकाना पुष्कळदा नसतोच. तोंडी बोलण्यात तर त्याहून बारीक सुई असते : 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' त्या 'पण' मध्ये त्या मुलीची एम.ए., बी.एड., तिचे कुरआनपठण, तिची नोकरी सगळे माफीच्या सुरात येते.

आणि हे कोणाच्या घरी? प्रेषितांच्या (स.) निरोपाच्या हजमधला संदेश जिथे दरवर्षी मिंबरवरून सांगितला जातो, की गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर काही श्रेष्ठत्व नाही, आहे ते फक्त तकव्याने, त्यांच्या घरी. सूरह रूमच्या बाविसाव्या आयतीत तर भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण अल्लाहच्या खुणांमध्ये मोजले आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले, की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. इतक्या मोठ्या सहाबींना हे ऐकावे लागले. हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव आपण मुलांना हौसेने ठेवतो, सून मात्र त्यांच्या रंगाची नको असते.

आणखी एक हदीस बुखारीत आहे, जी बयानात फारशी ऐकू येत नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) आपल्या शिष्याला म्हणाले, जन्नतमध्ये जाणारी स्त्री दाखवू का? आणि त्यांनी एका काळ्या स्त्रीकडे बोट दाखवले. तिला फेफरे येत असे. ती प्रेषितांकडे (स.) दुआ मागायला आली होती. त्यांनी तिला सबुरी आणि जन्नत, किंवा बरे होण्याची दुआ, यांतले निवडायला सांगितले. तिने सबुरी निवडली; फक्त फेफऱ्यात अंगावरचे कपडे सरकू नयेत, एवढीच दुआ मागितली. तिचा रंग हदीसीत आला आहे, पण कुठलेही 'पण' नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो ऐकायला हवा. लग्नासाठी लोक संपत्ती, घराणे, सौंदर्य आणि दीन बघतात असे हदीसीतच आहे. मुलीला बघण्याचीही परवानगी आहे. मग आवडनिवड असली तर बिघडले काय? काहीच बिघडले नाही. पाहून पसंत-नापसंत करणे वेगळे, आणि न पाहताच एका शब्दावरून कागद बाजूला ठेवणे वेगळे. सौंदर्य बघायला परवानगी आहे. सौंदर्य म्हणजे गोरेपण, ही व्याख्या आपण बाहेरून आणलेली आहे. प्रेषितांचे (स.) वर्णन करताना हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले, की ते अगदी पांढरेफटक नव्हते आणि गडद सावळेही नव्हते. आपल्या रकान्यात हे काय म्हणून लिहिले असते?

आमच्याकडे वधू-वर परिचयासाठी मजकूर येतो तेव्हा त्यातही हा रकाना असतो. येत्या अंकापासून तो छापला जाणार नाही. फेअर, व्हीटिश, गोरी, उजळ, निमगोरी, सावळी, यांपैकी कोणताही शब्द मजकुरात असला तर तो गाळला जाईल, मुलाच्या असो की मुलीच्या. वय, उंची, शिक्षण, काम, गाव, घरच्यांची माहिती आणि दीनी तालीम लिहावी. घटस्फोटित किंवा विधवा असल्यास तसे स्पष्ट लिहावे, मुलांनीही. ज्यांचा मजकूर आधीच आला आहे, त्यांना नवा पाठवण्याची गरज नाही; आम्ही तेवढा शब्द काढून बाकीचा जसाच्या तसा छापू.